कणकेची गोळी आणि पितळी चमचा

महेश्वरच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून कणकेच्या गोळ्या नर्मदेच्या पाण्यात सोडणारा भाविक आणि त्याच नदीच्या एखाद्या डोहाकाठी कणकेचीच गोळी गळाला लावून बसलेला माणूस, या दोघांच्या हातांत वस्तू एकच असते. एकाचे ते दान असते आणि दुसऱ्याचे आमिष. पाण्यातल्या माशाला मात्र हा भेद कळत नाही, आणि तो कळत नाही यावरच गळाने मासे धरण्याची सारी विद्या उभी आहे.

महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी. इ. स. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकीर्दीचा वृत्तांत सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात आला आहे. अहिल्याबाईंच्या करुणेत रानातल्या पशूंचा, आकाशातल्या पक्ष्यांचा आणि नदीतल्या माशांचाही वाटा होता, त्यांच्यासाठी अन्न राखून ठेवलेले असे, असे तो लिहितो. ज्याने तलवारीच्या आणि तहाच्या जोरावर होळकरांचे राज्य कंपनीच्या अंकित केले, त्याच माणसाने ही नोंद करावी हा इतिहासाचा एक मोठा विलक्षण योगायोग होय. आणखी एक योगायोग असा, की १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूरजवळ महूची छावणी वसविणाराही हाच माल्कम. माशांना अन्न घालणारे महेश्वर आणि विलायती गळकाठीला वाट करून देणारी महूची छावणी, या दोहोंच्या मधोमध नर्मदेच्या माशांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास घडला आहे.

‘आमिष’ हा शब्द संस्कृतातून आला. त्याचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच शाकाहाराला ‘निरामिष’ म्हणतात. पुढे सावजाला भुलविण्यासाठी ठेवलेले मांस, मग कोणतेही भुलविणारे खाद्य आणि शेवटी कोणताही लोभ, असा या शब्दाचा अर्थ पसरत गेला. ‘आमिष दाखविणे’ आणि ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार ज्यांनी कधी नदीत पाय घातला नाही त्यांच्याही तोंडी असतात. शब्दाचा हा प्रवास ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण आमिषाच्या वस्तूचा प्रवासही नेमका तसाच झाला. प्रथम मांस, मग पीठ, मग नुसता आभास!

आपल्या देशात या विद्येचे शास्त्र प्रथम एका राजाने लिहून ठेवले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला ‘भूलोकमल्ल’ म्हणत, त्याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती आणि प्रत्येकीत वीस अध्याय, असा हा शंभर अध्यायांचा ज्ञानकोश आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हे याच ग्रंथात नमूद असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच्या चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकींचे वर्णन असून तीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. खाऱ्या आणि गोड्या पाण्यातील सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे, त्यांतील खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोण खोल डोहात राहतो, कोण काय खातो, याची तपशिलाने माहिती देऊन मग काठी, दोरी, गळ आणि खाद्य यांचा विचार केला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ साली व दुसरा १९३९ साली निघाला. पुढे १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मत्स्यविनोदावर निबंध लिहून आधुनिक मत्स्यविद्येचे लक्ष या प्रकरणाकडे वेधले.

सोमेश्वराच्या पद्धतीतील मर्म असे, की गळ टाकण्यापूर्वी माशांना ठरावीक जागी रोज खाऊ घालून त्यांना त्या जागेची सवय लावावयाची. पीठ व शिजविलेले अन्न यांच्या गोळ्या काही माशांना, तर मांस काहींना. आधी विश्वास संपादन करावयाचा आणि मग त्या विश्वासात गळ दडवावयाचा, असा हा क्रम आहे. राजनीतीवरील ग्रंथात तो यावा यात नवल नाही! परंतु एक गोष्ट येथे स्पष्ट दिसते. सोमेश्वराचे आमिष हे खरे अन्न आहे. त्यात फसवणूक आहे ती गळाची, खाद्याची नव्हे.

खाद्यच खोटे असावे, ही कल्पना पश्चिमेकडे फार जुनी आहे. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी होऊन गेलेल्या एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. तेथील नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक माशी खात. परंतु ती माशी हातात धरली की तिचा रंग उतरे, पंख चुरगळत आणि मग मासे तिला तोंड लावीनात. म्हणून त्या कोळ्यांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळली आणि तिला कोंबड्याची दोन पिसे बांधली. कृत्रिम आमिषाचा हा सर्वांत जुना आणि स्पष्ट उल्लेख मानला जातो. इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या गळविद्येवरील एका प्रबंधात अशा बारा माश्यांची कृती दिलेली असून तो डेम ज्युलिआना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर मोडतो. १६५३ साली आयझॅक वॉल्टनने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तोवर हा छंद इंग्रजांच्या अंगी मुरला होता.

पिसांची माशी ही तरीही एका प्रत्यक्ष कीटकाची नक्कल होती. त्यापुढची पायरी अमेरिकेत गाठली गेली. व्हरमॉन्ट प्रांतातील ज्यूलिओ ब्यूएल नावाचा तरुण होडीत बसून जेवत असता त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, तो गिरक्या घेत व लकाकत खाली जाऊ लागला, तोच एका मोठ्या माशाने त्याच्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, ब्यूएलने चमच्याचा दांडा कापून त्याला गळ जोडला आणि १८५२ साली अशा फिरत्या आमिषाचे पेटंट घेतले, हे मात्र खरे. चमचा हा कोणत्याच प्राण्यासारखा दिसत नाही. पाण्यात ओढला असता तो मात्र जखमी, धडपडणाऱ्या लहान माशासारखा वागतो. माशाला रूपापेक्षा हालचाल अधिक भुलविते, हा शोध त्या पितळी तुकड्याने लावून दिला. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंप टिपते. गढूळ पाण्यातही चमच्याची थरथर त्याला जाणवते ती यामुळे.

हीच आमिषे साहेबांच्या पेट्यांतून हिंदुस्थानात आली, तेव्हा त्यांना येथे एक तोलामोलाचा मासा भेटला. तो म्हणजे महासीर. नर्मदाकाठचे कोळी त्याला ‘बाडस’ म्हणतात. शास्त्राला त्याचा परिचय होण्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. मुंबई लष्करातील कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवर लिहिलेला निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने पूर्णत्वाने छापला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराला त्याने ‘खुदरी’ हे नाव दिले. कोळस, सांडकोळ, रोहटी अशी दख्खनी कोळ्यांच्या बोलीतील आणखी नावेही त्याने लॅटिनच्या पंक्तीत नेऊन बसविली. ज्यांनी साहेबाला मासे आणून दिले त्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत. त्यांचे शब्द मात्र आजही जगातील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून वावरत आहेत.

महासीराची खरी कीर्ती पसरविली ती मद्रासच्या मुलकी खात्यातील हेन्री सलिव्हन थॉमस याने. दक्षिण कानडा जिल्ह्याच्या या अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे निघाले. वजनास वजन धरले तर महासीर हा सॅमनपेक्षाही अधिक झुंजतो, असे त्याने ठासून सांगितले. महूच्या छावणीतून विंध्याचा कडा उतरला की चोरल नदीचे खोरे लागते आणि ते धरून पुढे गेले की बडवाहाजवळ नर्मदा येते. १८७० नंतरच्या दशकात होळकर संस्थानच्या रेल्वेने मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली आणि खोल, खडकाळ डोहांची ही नदी इंदूरपासून काही तासांच्या टप्प्यात आली.

महासीराच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात आणि त्यांनी तो शिंपल्यांचेही पीठ करतो. काठच्या उंबराची गळलेली फळे, शेवाळ, कीटक, शिंपले, लहान मासे, असे सारे काही तो खातो. अशा सर्वभक्षकाला उंबराचे फळही चालते, कणकेची गोळीही चालते आणि चमचाही. निवड करावयाची ती पाण्याकडे व ऋतूकडे पाहून. पावसाळ्यातील गढूळ पुरात कोणतेही आमिष व्यर्थ. आश्विन-कार्तिकात पाणी निवळू लागले, की पितळेचा किंवा तांब्याचा मोठा, झळाळणारा चमचा उपयोगी पडतो. पाणी आरशासारखे स्वच्छ झाले, की तोच झळाळ संशय निर्माण करतो. तेव्हा लहान आणि किंचित काळवंडलेला चमचा बरा. धार जेथे डोहात शिरते त्या तोंडाशी प्रवाहाला आडवे फेकावे, चमचा अर्धवट बुडू द्यावा आणि तो जेमतेम फिरत राहील इतक्याच वेगाने ओढावा. घाईने ओढलेला चमचा पाण्यावर येतो, अगदी सैल सोडलेला तळच्या खडकात अडकतो. दोरी आणि चमचा यांच्यामध्ये गरगर फिरणारी लहान कडी नसेल, तर दहा फेकींत दोरीला पीळ पडून तिचा गुंता होतो. गळ मजबूत हवा, कारण महासीराचा जबडा नाजूक गळ चिरडून टाकतो.

हाच चमचा घेऊन कोणी कटला किंवा रोहू धरावयास बसला, तर मात्र त्याचा दिवस फुकट गेला असे समजावे. हे मासे पाण्यातील सूक्ष्म जीव व वनस्पतींवर जगणारे. धावत्या भक्ष्यामागे लागणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांच्यासाठी सोमेश्वराचीच रीत आजही खरी ठरते. ठरावीक जागी पिठाचा वास पसरवावा आणि धीर धरून बसावे. थॉमसनेही हे ओळखून तळ्यांतील मासेमारीवर १८८७ साली वेगळे पुस्तक लिहिले. याच्या उलट मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो व पृष्ठभागावरून उडी मारीत जाणाऱ्या बेडकावर झेप घेतो, म्हणून त्याला रबरी बेडूक दाखवावा. शिवडा तळाजवळ असतो, त्याला खोलवर हळू ओढलेला चमचा भुलवितो. इंदूरच्या आसपास अशी तळी पुष्कळ आहेत. होळकरशाहीत गंभीर नदीवर १९३९ साली बांधलेला यशवंतसागर आणि शहराला लागून असलेले सिरपूरचे तळे यांना २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा मान मिळाला. यशवंतसागरातून शहराला पाणी मिळते आणि तेथे व्यापारी प्रमाणावर मासे वाढविले जातात. अशा जागी परवानगीवाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील कणीस मोडण्यासारखेच होय.

विसाव्या शतकात कृत्रिम आमिष हे कारखान्याचे उत्पादन बनले. अमेरिकेत जेम्स हेडन याने लाकडाचे मासे कोरले. फिनलंडमधील एक गरीब कोळी, लाउरी रापाला, याच्या ध्यानात आले की मोठा मासा कळपातील निरोगी मासे सोडून लंगडत पोहणाऱ्या एकाच माशावर तुटून पडतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा असा एक लंगडणारा मासा कोरला आणि त्यातून पुढे एक जगप्रसिद्ध धंदा उभा राहिला. १९४९ मध्ये ओहायो प्रांतातील निक क्रीम याने प्लॅस्टिकचे मऊ गांडूळ घडविले. ही सारी आमिषे आज इंदूरच्या तरुणाला घरबसल्या मागविता येतात. पेटीतील आमिषांची संख्या वाढली. नदीतील माशांचे काय झाले, हा प्रश्न मात्र यापुढचा आणि अधिक गंभीर आहे.

माशांच्या संहाराविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत गळ टाकणारेच अग्रभागी होते, हे नमूद केले पाहिजे. थॉमसने १८७० सालीच दक्षिण कानड्यातील मत्स्यपालनावर अहवाल लिहिला होता, आणि फ्रान्सिस डे याने १८७३ च्या अहवालात देशभरच्या गोड्या पाण्यातील माशांची स्थिती मांडली. पुढे १८९७ च्या कायद्याने सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरला. कायदा झाला, तरी सुरुंग थांबले नाहीत. १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेतील माशांची शास्त्रीय पाहणी झाली, तेव्हा महासीर हा तेथील मासळीतील एक प्रमुख घटक होता. नंतरच्या दशकांत त्याचे प्रमाण घसरत गेले. २००५ मध्ये इंदिरासागर आणि २००७ मध्ये ओंकारेश्वर येथील धरण पूर्ण झाले. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालणाऱ्या या माशाच्या वाटेत स्थिर जलाशय आले. खोट्या आमिषाला झुंज देणारा हा वीर नदीच थांबल्यावर हतबल झाला.

त्याला वाचविण्याच्या प्रयत्नांतही मराठी नावे आहेत. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महासीराची अंडी, त्यांची वाढ आणि प्रजनन यांचा पायाभूत अभ्यास केला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत तलावाकाठी कृत्रिम रीतीने महासीराची पिले वाढविण्याचे केंद्र उभे राहिले आणि तेथील बोटुकली देशातील अनेक नद्यांत सोडली गेली. परंतु येथेही इतिहासाने एक धडा दिला. कावेरीत सोडलेला दख्खनी महासीर तेथे इतका फोफावला, की त्या नदीचा स्वतःचा मोठा वशिंडाचा महासीर मागे हटत गेला. २०१८ साली त्या माशाला त्याचे निश्चित शास्त्रीय नाव मिळाले, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याची नोंदही त्याच वर्षी करावी लागली. सद्हेतूने टाकलेला घासही पारखून टाकावा लागतो, हाच त्याचा अर्थ.

मध्य प्रदेशाने २०११ साली महासीराला राज्याचा मासा म्हणून गौरविले आणि बडवाहाच्या वनविभागाने चोरल-नर्मदेच्या परिसरात त्याच्या प्रजननाचे प्रयोग हाती घेतले. जबाबदार गळकरी आता पकडलेला महासीर ओल्या हातांनी धरून पुन्हा प्रवाहात सोडतात. येथे कृत्रिम आमिषाचा एक अनपेक्षित गुण दिसून येतो. कणकेची गोळी मासा गिळून टाकतो आणि गळ पोटात रुतला तर सुटका होऊनही मरतो. हलता चमचा बहुधा ओठातच अडकतो आणि गळाला काटेरी अणी नसेल तर तो क्षणात निघतो. जे अन्न खरे ते कधी प्राणघातक ठरते आणि जे सर्वस्वी खोटे ते कधी जीव राखते!

गेल्या शतकातील आठव्या दशकाच्या अखेरीपासून इंदूर शहर नर्मदेचे पाणी पिते. महेश्वरापासून जवळच, जलूद येथे उचललेले ते पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांची वाट चढून घरोघरच्या नळांना येते. म्हणजे ज्या डोहांत बाडस राहतो त्यांच्याशी आता प्रत्येक इंदूरकराचे नाते आहे, मग त्याने जन्मात गळ हाती धरलेला असो वा नसो. अहिल्याबाईंनी माशांचा घास राखून ठेवला, तेव्हा नदी अखंड होती, म्हणून घासाने भागले. आज घाटावर सोडलेल्या गोळीने पुण्य लाभेल, सोडून दिलेल्या माशाने समाधान लाभेल, पण महासीराला हवे आहे ते वाहते पाणी, गोट्यांचा तळ आणि अंडी घालण्याच्या दिवसांत मोकळी असलेली वाट. ते मिळाले, तर पितळी चमच्यावर झेपावणारा मासा नर्मदेत उद्याही असेल. ते न मिळाले, तर आमिषांनी भरलेल्या पेट्या उरतील आणि घाटावरच्या कणकेच्या गोळ्या पाण्यात तशाच विरघळून जातील.